पाण्याला नाका नाही

जे डोळ्यांस दिसत नाही त्यावर पैसा लावण्याची हौस मनुष्यमात्राला फार जुनी आहे. शहरात या हौसेला सट्टा म्हणतात. आमच्या मुलखात तिला 'बोअर घेणे' म्हणतात. आमचा स्वतःचा जन्म महाविद्यालयात इंग्रजी काव्य शिकविण्यात गेला असून, सोडतीचे एक तिकीटही आम्ही आजवर विकत घेतलेले नाही. असे असता २०१६ सालच्या वैशाखातील एका रात्री, कनेरगाव नाका येथील आमच्या वडिलोपार्जित शेतात, एका गर्जणाऱ्या यंत्रापुढे उभे राहून, 'आणखी शंभर फूट जाऊ द्या,' हे शब्द आमच्याच मुखातून बाहेर पडले. त्या शंभर फुटांची ही हकीकत आहे. ती सांगण्यात आम्हांस भूषण नाही. परंतु पन्नाशी उलटल्यावर मनुष्याने आपल्या भूषणांपेक्षा आपल्या देण्याघेण्याकडे अधिक पाहावे, या समजुतीने ती येथे सांगत आहो.

कनेरगाव नाका हे गाव हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेवर, मराठवाडा संपून विदर्भ लागतो त्या वेशीवर वसलेले आहे. पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे हे एक लहानसे स्थानक. पैनगंगेचे पात्र येथून जवळच. आज हिंगोली आणि वाशीम हे एकाच राज्याचे दोन जिल्हे आहेत. परंतु १९४७ पर्यंत पलीकडे इंग्रजांच्या अमलातील वऱ्हाड होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत अलीकडे निजामाची हुकमत होती. गावाच्या नावाला चिकटलेला 'नाका' हा शब्द आमचे आजोबा त्याच काळाशी जोडीत. करोडगिरीचा शिपाई गाडी कशी अडवी, कापसाचा गठ्ठा असो की गुळाची ढेप असो, जकात भरल्यावाचून बैल कसे पुढे पाऊल टाकीत नसत, याचे ते मोठे रसभरित वर्णन करीत, आणि शेवटी हसून म्हणत, 'वारा आणि पाणी एवढी दोनच फुकट जात.' लहानपणी आम्हांस हा केवळ विनोद वाटे. त्यात एक शास्त्र दडलेले आहे हे कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी भरली.

वारा मात्र या माळावर खरोखरच अनिर्बंध आहे. चैत्र-वैशाखात रान मोकळे झाले, तुरीची खोडकेही उपटली गेली, म्हणजे त्यास अडवावयास काहीच उरत नाही. दुपारी वावटळी उठतात, पाचोळ्याचे खांब सडक ओलांडून निघून जातात, आणि घरातल्या पाण्याच्या हंड्यावर फडके बांधून ठेवावे लागते. त्या हंड्यात पाणी असले तर, एवढेच.

२०१५ चा पावसाळा मराठवाड्याला फसविणारा निघाला. पुढल्या एप्रिलात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांस स्मरत असेल. त्याआधी, २०१५ च्या ऑगस्टात, औरंगाबादेहून, म्हणजे हल्लीच्या छत्रपती संभाजीनगराहून, विमाने उडवून ढगांवर पाऊस पाडण्याचा प्रयोग सरकारने करविला होता. आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो व जे ती शेती पाहतात, त्यांनी त्या दिवसांत आम्हांस दूरध्वनीवरून मोठ्या आशेने विचारले होते, 'बापू, ते इमान आपल्याकडं येईल का रे?' आम्ही पुस्तके पाहून त्यांस समजाविले की, विमानाच्या पंखांखाली नळकांडी बांधून त्यांतून रौप्य-आयोडाइडासारख्या द्रव्याचा धूर ढगात सोडतात. त्या सूक्ष्म कणांभोवती ढगातील बाष्प गोठून जमते व जड होऊन खाली येते. परंतु त्यासाठी ढग मुळात भरलेला असावा लागतो, कोरड्या आभाळात पेरणी होत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पुढे २०१८ व २०१९ साली सोलापुराकडे केलेल्या प्रयोगांत, पेरलेल्या ढगांच्या वाऱ्याखालील टापूत सरासरी सुमारे १८ टक्के अधिक पाऊस पडल्याचे आढळले. म्हणजे विद्या खोटी नव्हे. परंतु शंभराचे एकशे अठरा करणारी विद्या शून्याचे काय करणार? दादांनी आमचे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, 'मग वरचं पानी सरकार बघू दे, खालचं आपण बघू.'

खालचे पाहणे हे वरचे पाहण्याहून कठीण आहे. आपल्या पायांखालचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वितळलेल्या रसाच्या लोटांवर लोट साचून झालेला आहे. प्रत्येक लोटाचा गाभा घट्ट, तर माथा सच्छिद्र. दोन लोटांच्या सांध्यात कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ थर. या दगडाला नदीकाठच्या वाळूसारखे सर्वांगी पाणी धरता येत नाही. वरच्या कुजक्या मुरुमात, सच्छिद्र थरात आणि तडे गेलेल्या भागांत तेवढे ते राहते. हा थर किती जाड आहे, तेही जागोजाग वेगळे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर किल्लारीस जे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले, त्यात सुमारे ३३८ मीटरांवर हा खडक संपला; आणि कोयनेकडे गोठणे येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी जे तीन किलोमीटर खोल छिद्र २०१७ साली पुरे झाले, त्यात तोच खडक सव्वा किलोमीटर भरला. त्या ठिकाणी विद्वानांनी फुटाफुटाची टिपणे ठेविली. आमच्या शेतात यंत्राने दर दहा फुटांना काढलेल्या भुकटीच्या ढिगल्या ओळीने मांडल्या होत्या खऱ्या, पण सकाळपर्यंत वाऱ्याने त्यांचे एकच पान करून टाकिले.

हे गुप्त पाणी वरून पाहण्याचीही एक युक्ती निघाली आहे. २०१३ च्या सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टराखाली तारेचे एक प्रचंड कडे लोंबकळत नेऊन भूजलाची पाहणी केली. त्यांतले एक ठिकाण आपल्या नागपूर जिल्ह्यात होते. कड्यातून वीज सोडावयाची आणि एकाएकी तोडावयाची; जमिनीच्या पोटात तिचा जो प्रतिसाद उठतो त्यावरून ओला थर कोणता व कोरडा कोणता हे ओळखावयाचे, आणि मग ठिकठिकाणी छिद्रे घेऊन ते ताडून पाहावयाचे, अशी ती रीत. कनेरगावास असले यंत्र कोठले येणार? आमच्याकडे पाणाड्या आला. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेविला, डोळे मिटले, शेतातून दोन फेऱ्या घातल्या, आणि नारळ उभा राहिला त्या जागी चुन्याची फुली मारली. इंग्रजी विद्येचा अभिमान धरणाऱ्या आम्ही त्या वेळी स्मित केले. परंतु त्या फुलीपासून काकूंची विहीर अवघ्या सत्तर पावलांवर आहे, ही गोष्ट पाणाड्यास जशी दिसली नाही तशी आम्हांसही दिसली नाही.

काकू म्हणजे आमच्या बांधाशेजारी दोन एकर बाळगून असलेल्या, वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या विधवा बाई. त्या शेतातच खोपीत राहतात. त्यांची विहीर चाळीस-पंचेचाळीस फूट खोल, दगडांनी बांधलेली. उन्हाळ्यात तिचे पाणी कमरेइतके उतरे, पण मृगापर्यंत पिण्यास आणि दोन म्हशींस पुरे.

संध्याकाळी गाडी आली. गाडी म्हणजे दोन अवजड वाहने; एकावर मनोरा, दुसऱ्यावर हवा दाबणारे यंत्र आणि नळ्यांचा भारा. असल्या गाड्यांचे माहेरघर तमिळनाडूतील तिरुचेंगोड हे असून, त्या देशभर फिरत असतात. ज्या हत्याराने या गाड्या खडक फोडतात त्याचा इतिहास मोठा परोपकारी आहे. नळीच्या अगदी टोकाशी, छिद्राच्या तळी, हवेच्या दाबाने चालणारा हातोडा असतो. तो दगड ठेचतो आणि तीच हवा ठेचलेली भुकटी वर उडवून आणते. १९६७ साली बिहार व उत्तर प्रदेशाच्या दुष्काळात असली यंत्रे युनिसेफने विमानातून आणविली. १९७२ च्या आपल्या दुष्काळात त्यांचे महत्त्व घरोघर कळले. ओतीव लोखंडाचे हातपंप गावाच्या वापरात वरचेवर मोडत, म्हणून आमच्या मराठवाड्यातील जालन्यास चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनात एक दणकट पंप तयार झाला; सोलापुरात त्यात सुधारणा झाली; आणि त्याच वंशात पुढे 'इंडिया मार्क दोन' हा जगभर गेलेला हातपंप जन्मास आला. तहानलेल्याच्या तोंडी पाणी घालावे एवढाच त्या वेळी या छिद्रांचा हेतू होता. हातपंपाला एक नैसर्गिक मर्यादाही होती: मनुष्याचा हात दुखतो. विजेच्या पंपाचा हात दुखत नाही.

त्या सायंकाळी आम्ही दादांस कायदाही सांगितला होता. महाराष्ट्राचा २००९ सालचा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून अमलात आला असून, शेतीसाठी वा उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांस थोडे कमी. दादा म्हणाले, 'दोनशेच्या आत लागलं तर ठीक, नाहीतर बंद.' ठरले तर मग.

रात्र पडली. दिव्यांच्या प्रकाशात भुकटीचा लोट मनोऱ्याएवढा उंच उठे आणि वारा त्यास वाकवून पूर्वेकडे नेई. पन्नास फुटांवर ओल दिसली, तेथे वरच्या मुरुमाला आवरण्यापुरती नळी बसविण्यात आली. शंभर फूट, काही नाही. दीडशे, काही नाही. एकशे नव्वदावर तांबडी भुकटी आली, मग किंचित चिखल, मग पुन्हा कोरडा काळा दगड. यंत्र थांबले. त्या एकाएकी आलेल्या शांततेत गाडीवाल्याने विचारले, 'रोकना है?' दादांनी आमच्याकडे पाहिले. 'तू सांग बापू. कायदा तुला ठाऊक.'

वाचकहो, त्या क्षणी आमच्या मनात काय आले ते लपविण्यात अर्थ नाही. फुटाफुटाने मोजावयाच्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक खर्च होऊन गेले होते, आणि ते कोरड्या छिद्रात पुरून घरी जाणे लाजिरवाणे वाटत होते. भोवती गावातली वीस-पंचवीस माणसे उभी होती. कायदा मोडू नये असे आम्ही सांगितले असते तर दादांनी निश्चित ऐकले असते. त्यांनी तो निर्णय आमच्या हाती दिला होता तो आम्ही शिकलेले म्हणून. आणि शिकलेल्या मनुष्याचे कौशल्य असे की, त्याला प्रत्येक नियमाला अपवाद चटकन सुचतो. दुष्काळाचे वर्ष आहे, कुटुंबाच्या पोटाचा प्रश्न आहे, सगळेच जातात खोल, अशी तीन कारणे एका श्वासात आमच्या मनाने आम्हांस पुरविली. आम्ही म्हणालो, 'आणखी शंभर फूट जाऊ द्या.'

दोनशे सत्तर फुटांवर पाणी लागले. भुकटीचा लोट एकदम काळवंडला, जड झाला, आणि मग मनोऱ्याच्या तोंडातून करड्या पाण्याचे कारंजे उसळले. लोकांनी टाळ्या पिटल्या. दोन इंची पाणी असल्याचे गाडीवाल्याने सांगितले. दादांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि खोटे कशास सांगावे, आमच्याही.

सकाळी काकू आल्या. त्यांच्या केसांवर, लुगड्यावर करडी भुकटी होती. आदल्या दिवशी त्यांनी खोपीपुढे बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. रात्रभर वाऱ्याने आमच्या खडकाचे पीठ त्यांवर पसरले होते. हातात वाटीभर साखर घेऊन त्या म्हणाल्या, 'पानी लागलं म्हनं, बापू. लई बरं झालं. कुरडयाचं काय, पुढल्या साली करू.' आणि त्यांनी आमच्या तळहातावर साखर ठेविली.

तीन आठवड्यांत त्यांच्या विहिरीचा तळ दिसू लागला. दादा म्हणाले, उन्हाळा आहे, सगळीकडे असेच आहे. ते असत्यही नव्हते. आमची सुट्टी संपून आम्ही निघण्याच्या दिवशी काकू बांधाशी उभ्या होत्या. तक्रारीचा लवलेश नसलेल्या स्वरात, एखाद्या विद्यार्थिनीने शंका विचारावी तसे त्यांनी विचारले, 'माह्या हिरीतलं तुमच्या नळीत आलं का वो, बापू? तुम्ही शिकलेले, म्हनून इचारते.' आम्ही उत्तर दिले की, याविषयी निश्चित सांगणे कठीण आहे. या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण आमच्या उभ्या आयुष्यात याहून खोटे वाक्य आम्ही बोललो नसू.

कारण समजावयाचे ते आम्हांस समजले होते. आमच्या छिद्राला वरच्या पन्नास फुटांपुरतीच नळी होती, तीही सैल. तिच्या बाहेरून आणि खालून वरच्या मुरुमातले पाणी खोल तड्यांत झिरपण्यास मोकळी वाट झाली होती. त्यात पंप अहोरात्र उपसा करीत होता. कायद्याने ६० मीटरांची रेघ ओढली ती कोणा कारकुनाच्या लहरीने नव्हे. वरचे पाणी हे पावसाने दरसाल भरणारे वेतन आहे. खालच्या तड्यांतले पाणी ही वाडवडिलांनी पुरून ठेविलेली पुरचुंडी. वेतन सरले तर पुढल्या मृगात पुन्हा येते. पुरचुंडी फोडली की ती भरण्यास पिढ्या लागतात. आणि सातबाऱ्यावरचा बांध हा केवळ वरच्या हातभर मातीचा बांध आहे. त्याच्या खाली कोणाचा गट नंबर कोठे संपतो हे पाणी विचारीत नाही.

२०१६ चा पावसाळा उदार निघाला आणि काकूंची विहीर भरली. पण पुढल्या साली ती नेहमीपेक्षा महिनाभर आधी उतरली. तेव्हा आम्ही दादांस सांगितले की, आपल्या पंपाची एक नळी बांधापलीकडे काकूंच्या हौदात सोडावी. दादांस ते प्रथम रुचले नाही. ते म्हणाले, 'आज एक नळी, उद्या साऱ्या गावाला काय उत्तर देऊ?' आम्ही म्हणालो, 'गावाचे पुढे पाहू. हे पाणी दान नाही, परत देणे आहे.' दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कुदळ घेऊन बांधावर चर खणला.

२०१८ साली पाऊस पुन्हा हुकला. २०१९ च्या चैत्रात आमच्या पंपाने आधी गढूळ पाणी, मग फेस, मग नुसती हवा ओढली. दोनशे सत्तर फूट खोल ते छिद्र आज तोंडावर दगड ठेवून पडले आहे. गाडी पुन्हा बोलावून सहाशे फुटांपर्यंत जावे असे काहींनी सुचविले. दादांनी आमच्याकडे पाहिले. या खेपेस आम्ही नाही म्हणालो, आणि पंपापायी जाणारा पैसा काकूंच्या विहिरीतला गाळ काढण्यास लावावा असे सुचविले. त्यांनी ते ऐकले. गाळ निघाल्यावर तळच्या झऱ्याला हातभर पाणी आले. थोडे, पण रोज उपसले तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा तितकेच. त्या उन्हाळ्यात दोन्ही घरे त्यावर राहिली.

गेल्या खेपेस आम्ही गावी गेलो तेव्हा काकू अधिकच वाकलेल्या दिसल्या, पण दृष्टी शाबूत होती. आम्ही त्यांस म्हणालो, 'काकू, तुम्ही त्या साली विचारले होते ते खरे होते. तुमचेच पाणी आमच्या नळीत आले होते.' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'मले ठावं होतं, बापू. तुमाले ठावं हाय का नाही, येवढंच इचारलं व्हतं.'

बांधावरच्या त्या चरात पुरलेली नळी अजून तेथेच आहे. उन्हाळ्यात तिच्यातून पाणीही येते. फक्त आता ते काकूंच्या विहिरीकडून आमच्या हौदाकडे येते.